आचार्य, आचारी आणि नवा ब्राउझर

नवा ब्राउझर आला की त्याचे परीक्षण लिहिणाऱ्यांची एक ठरीव वहिवाट असते. वेग किती, टॅब कसे दिसतात, संगणकाची किती स्मृती खातो. आणि अलीकडे, सारांश करून देणारा सहायक कितपत हुशार आहे. २ सप्टेंबर २००८ रोजी गूगल क्रोम अवतरला तेव्हाही चर्चा झाली ती वेगाची आणि पत्ता व शोध एकाच चौकटीत आणण्याची. हे गुण खरेच होते. पण मराठी वाचकाचा पहिला प्रश्न त्यांत कुठे बसतो? तो प्रश्न असा: पानावर मराठी शब्द शोधला, तर नेमका तोच सापडतो का?

'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे शब्द घ्या. पहिला गुरुजनांचा, दुसरा स्वयंपाक्यांचा. एकात रफार, दुसऱ्यात आडवा अर्धा र. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो: 'ऱ' आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संकेत तंतोतंत जुळवणारा शोध मात्र त्यांना भिन्न शब्द मानतो. ही अडचण टाळण्यासाठी जोडचिन्ह आणि नुक्ता यांकडे दुर्लक्ष करणारा शोध घडवावा, तर आचार्य आणि आचारी एकाच पंगतीत बसतात! 'ॲ'ची कथाही अशीच. त्याला स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. त्याआधीच्या पानांवर 'अ' आणि वरचा चंद्र अशी जोडणी आहे, आणि युनिकोड या दोहोंना समान मानत नाही.

'हे तंत्रज्ञांचे काम,' असे मराठीच्या विभागांतून ऐकू येते. हा युक्तिवाद पटण्याजोगा नाही. रफाराने अर्थ कुठे बदलतो, हे तंत्रज्ञाला सांगायचे कोणी? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, हे आपण वर्गात अभिमानाने शिकवतो. पाठभेद ओळखणे हे ज्या विद्याशाखेचे ब्रीद, तिनेच पडद्यावरील पाठभेदांकडे पाठ फिरवावी?

येथे पणाला लागली आहे ती संशोधनाची विश्वासार्हता. एखादा विद्यार्थी शोधाच्या चौकटीत शब्द घालतो, 'आढळ नाही' असे उत्तर येते, आणि तो शब्द त्या लेखकाने वापरलाच नाही असे विधान प्रबंधात जाते. मार्गदर्शक ते तपासणार कसे? त्याच चौकटीत!

तेव्हा नव्या ब्राउझरचे कौतुक करण्याआधी हे तीन शब्द एका पानावर दोन्ही रीतींनी लिहून शोधून पाहावेत: आचाऱ्यांना, दऱ्या, ॲरिस्टॉटल. फायरफॉक्स आणि क्रोमियम यांच्या त्रुटी नोंदवण्याची व्यवस्था सर्वांना खुली आहे. तेथे मराठीची तक्रार मराठीच्या अध्यापकाने नोंदवली नाही, तर ती दुसरे कोण नोंदवणार?