हातचा एक

(द्वितीय वर्ष बी. ए., अर्थशास्त्र)

बेरीज शिकवताना आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी हमखास विचारीत, “हातचा किती?” हातचा विसरला की उत्तर चुकलेच म्हणून समजावे. पुढे दहावीनंतर आणि बारावीनंतर प्रवेशाचे अर्ज भरताना मला या हातच्याची वारंवार आठवण झाली. अर्जावर महाविद्यालयांची जी यादी लिहावयाची असते, तिच्यातही एक हातचा धरावा लागतो. मोठ्या नावाच्या ठिकाणी नंबर लागला नाही, तर जेथे जागा नक्की मिळेल आणि जेथे आपण खरोखरच जाऊ, असे ते महाविद्यालय. या हातच्याकडे आपण फार हलगर्जीपणे पाहतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम अकरावीचे उदाहरण घेऊ. केंद्रीय पद्धतीने ऑनलाइन प्रवेश नाशिक महापालिका क्षेत्रात काही वर्षे चालू होताच. २०२५ साली तो साऱ्या राज्याला लागू झाला. या अर्जात एकापासून दहापर्यंत महाविद्यालये पसंतीच्या क्रमाने भरता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होते. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीपैकी मिळाले, तर मात्र पुढच्या फेरीसाठी थांबण्याची मुभा असते. नियम एवढाच आहे. पण तो घरात कोणी समजावून सांगणारे नसले, की काय होते पाहा.

माझ्या एका वर्गमित्राला दहावीला ८४ टक्के मिळाले. गावात सत्कार झाला, फ्लेक्स लागला. त्याने यादीत शहरातली तीन नामांकित महाविद्यालये भरली आणि चौथे नाव लिहिणे कमीपणाचे मानले. पहिल्या फेरीत त्याला काही मिळाले नाही. दुसऱ्या फेरीत यादी वाढवावी, तर मधल्या दर्जाच्या महाविद्यालयांतल्या जागा तोवर भरत आल्या होत्या. अखेर त्याला जे मिळाले, तेथे जाण्यास दोन बस बदलाव्या लागत. निम्मे तास बुडू लागले आणि बारावीला त्याचे गुण घसरले ते घसरलेच.

याच्या अगदी उलट गोष्ट एका वर्गभगिनीची. तिला ९१ टक्के होते. अर्ज तिच्या मोठ्या भावाने सायबर कॅफेत बसून भरला. त्याने घराजवळचे, सहज मिळणारे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकले. हेतू चांगला होता. वर टाकले म्हणजे हातून जाणार नाही, असा त्याचा समज. पहिल्याच फेरीत ते मिळाले आणि नियमाप्रमाणे तेथेच जावे लागले. तिने ज्याची इच्छा धरली होती, ते महाविद्यालय तिसऱ्या क्रमांकावर होते. आणि त्याची त्या वर्षीची गुणांची मर्यादा तिच्या गुणांपेक्षा कमी होती!

एकाने हातचा धरलाच नाही, दुसऱ्याने हातचाच उत्तर म्हणून लिहिला. पहिली चूक सर्वांना दिसते, तिच्यावर घरोघरी उपदेश होतो. दुसरी चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही. उलट “मुलगी शहाणी, जवळच गेली” असे कौतुक होते. वस्तुतः या पद्धतीत संगणक आधी गुण पाहतो आणि त्या गुणांच्या विद्यार्थ्याची यादी वरून खाली वाचत जातो. त्यामुळे मोठे नाव वर लिहिल्याने खालच्या नावाची संधी तिळभरही कमी होत नाही. मनात जे पहिले आहे ते पहिले लिहावे आणि खात्रीचे शेवटी लिहावे, इतके हे सोपे आहे.

पण सगळीकडे ते इतके सोपे नव्हते. अमेरिकेतील बोस्टन शहरात शाळांच्या प्रवेशासाठी अशीच यादी भरून घेत. मात्र ज्यांनी एखादी शाळा पहिल्या क्रमांकावर लिहिली त्यांना तेथे आधी जागा मिळे. म्हणजे मोठे नाव वर लिहून ते हुकले, की मधली शाळाही हातची गेलीच. माहीतगार पालक ही मेख ओळखून युक्तीने यादी भरत. अजाण पालक मनातले खरे लिहीत आणि त्यांची मुले मागे पडत. डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली यांनी महाविद्यालयीन प्रवेशाच्या याच प्रश्नावर १९६२ साली निबंध लिहिला होता. त्या विचाराच्या आधारे आल्विन रॉथ आदी अर्थशास्त्रज्ञांच्या सल्ल्याने बोस्टनने २००५ साली पद्धत बदलली. शेपली आणि रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. खरे लिहिणाऱ्याचे नुकसान होऊ नये, हे त्या बदलाचे मर्म होते. आमच्याकडे पद्धत पुष्कळशी तशीच आहे. पण तशी ती आहे, हे कोणी सांगत नसेल तर तिचा उपयोग काय?

आता माझे स्वतःचे सांगतो. बी. ए.साठी आपल्याकडे अकरावीसारखी एक यादी नसते. प्रत्येक महाविद्यालयाचा अर्ज निराळा, गुणवत्ता यादी निराळी, तारखा निराळ्या. मी पुण्यातील दोन महाविद्यालयांत अर्ज केले आणि तिसरा येथे केला. पुण्यातले दुसरे महाविद्यालय मी हातचे म्हणून धरले होते, कारण आदल्या वर्षी तेथे माझ्यापेक्षा कमी गुणांवर प्रवेश मिळाले होते. दुसऱ्या यादीत माझे नाव लागलेही. पण वसतिगृहाच्या यादीत लागले नाही. खोलीचे भाडे आणि खानावळीचा खर्च यांचा हिशेब वडिलांनी पाकिटाच्या पाठीवर मांडला आणि पाकीट न बोलता माझ्या हाती दिले. त्या दिवशी मला कळले, की जे गुणांनी खात्रीचे असते ते पैशाने खात्रीचे असेलच असे नाही. शाळा सोडल्याचा दाखला एकच असतो. तो मी येथील कार्यालयात जमा केला.

होय, हे महाविद्यालय माझ्या यादीत शेवटचे होते. आपल्याच वार्षिकात असे लिहिणे उद्धटपणाचे वाटेल, म्हणून पुढचेही लिहितो. अर्ज करण्यापूर्वी मी येथे एकदा येऊन गेलो होतो. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, अर्थशास्त्र विशेष विषय म्हणून घेता येते की नाही, एसटीच्या सवलतीच्या पासावर रोज ये-जा करून तास गाठता येतो की नाही, एवढे पाहून घेतले होते. म्हणून शेवटचे नाव नशिबी आले तेव्हा वाईट वाटले, पण अंधारात उडी मारल्यासारखे वाटले नाही. पुण्याची हुरहुर अजून अधूनमधून लागते, हे नाकारत नाही. तरी वर्गात बसल्यावर माझी जागा चुकली आहे, असे मात्र कधी वाटले नाही.

गुण, पैसा आणि मन या तिन्हींची खात्री ज्याच्याबद्दल देता येते, तेच खरे हातचे महाविद्यालय. तिसरी खात्री तर आपण विचारातच घेत नाही. “कसेही करून नाव टाका, कोठे जायचेय तेथे!” असे म्हणून दहावी ओळ भरली जाते आणि नेमके तेच पदरात पडते. मग तीन-पाच वर्षे कपाळाला हात.

माझे वडील दिंडोरीकडे द्राक्षबागांत मजुरीने छाटणीला जातात. त्यांना पसंतिक्रम हा शब्द कळला नाही, पण मी अर्थ सांगताच ते म्हणाले, “बागवाला केवढाही मोठा असू दे, घरच्या गव्हापुरतं वावर तो राखतोच. आणि गहू हाय म्हणून बाग लावायची सोडत नाही.” माझ्या साऱ्या लेखाचे सार एवढ्यात आले.

राहिला प्रतिष्ठेचा प्रश्न. एकाच्या यादीतले शेवटचे नाव दुसऱ्याच्या यादीत पहिले असते. आपल्या शहरातील हं. प्रा. ठा. महाविद्यालय १९२४ साली निघाले. कुसुमाग्रज तेथे शिकले, वसंत कानेटकर तेथे शिकवीत होते. गावातल्या महाविद्यालयात गेले की मनुष्य मोठा होतो, असा याचा अर्थ नव्हे; गावातल्या महाविद्यालयात गेल्याने तो लहान होत नाही, एवढाच अर्थ मी घेतो.

शेवटी गुरुजनांना एक नम्र विनंती. आमच्यापैकी अनेकांच्या घरी महाविद्यालयाची पायरी चढणारे आम्हीच पहिले. अर्ज कसा भरावा, हे आम्हांला सायबर कॅफेवाला शिकवतो आणि त्याला मागे रांग असते. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात दर वर्षी बारावीच्या निकालापूर्वी एक दिवस यासाठी द्यावा. मागील वर्षीच्या गुणमर्यादा फळ्यावर लिहाव्यात, वसतिगृहाचे आणि शिष्यवृत्तीचे नियम सांगावेत. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून जी सामाईक परीक्षा घेतली जाते, ती मराठीतूनही देता येते, हेही सांगावे. आम्ही द्वितीय आणि तृतीय वर्षाचे विद्यार्थी आपापल्या गावच्या शाळेत जाऊन दहावीच्या मुलांसाठी हेच काम करू. मित्रहो, यंदा निकाल लागण्यापूर्वी प्रत्येकाने निदान एका मुलाजवळ बसावे. त्याच्या यादीतले पहिले नाव त्याच्या मनातले आहे ना आणि शेवटचे नाव त्याने डोळ्यांनी पाहिलेले आहे ना, हे विचारावे. बेरीज त्यालाच करू द्यावी. हातच्याची आठवण तेवढी आपण द्यावी.