उकिरडा लहान, सूट मोठी!

नियम कोणासाठी असतात? लहान गावात या प्रश्नाचे उत्तर सोपे असते. ज्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी सापडली त्याच्यासाठी! भाजीवालीच्या टोपलीतून पातळ पिशव्या जप्त होतात, टपरीवाल्याच्या नावे दंडाची पावती फाटते. पण गोळा झालेला सगळा कचरा ट्रॅक्टर भरभरून जिथे ओतला जातो, त्या जागेची तपासणी कोण करतो? तिथे विचारायला गेलात तर ठरलेले उत्तर मिळते, "अहो, जागा लहान आहे, दोन-चार टनांचा प्रश्न. हे नियम मुंबई-पुण्यासाठी." या एका 'लहान' शब्दाखाली किती मोठे पाप झाकले जाते, हे आपण सिल्वासाकरांनी आणि आसपासच्या गावांतल्या मंडळींनी समजून घेतले पाहिजे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. कचऱ्याविषयीचे पहिले देशव्यापी नियम २००० साली आले, तेही अलमित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली म्हणून. दुसरे नियम ८ एप्रिल २०१६ रोजी निघाले. त्यांनी महत्त्वाची गोष्ट केली ती ही, की नगरपालिकेच्या हद्दीबाहेरची 'जनगणना शहरे'ही कक्षेत आणली. २०११ च्या जनगणनेत आपल्याकडची दादरा, नरोली, सामरवरणी, मसाट आणि रखोली ही गावे याच वर्गात मोडली. म्हणजे 'आम्ही तर ग्रामपंचायत' ही पळवाट २०१६ सालीच बुजली. आता २०२६ चे नियम आले असून १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख आहे. ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा असे कचऱ्याचे चार भाग घरातच करायचे, असे ते सांगतात. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. इथे तर पाव शतक उलटले!

आता 'लहान' या शब्दाकडे येऊ. २०१६ च्या नियमांत रोज ५ टनांहून जास्त कचरा हाताळणाऱ्या जागेसाठी प्रदूषण नियंत्रण समितीकडे मंजुरीचा अर्ज करावा लागे. ही सवलत अर्जापुरती होती. उघड्यावर ओतण्याची, जाळण्याची किंवा ओहोळात लोटण्याची सवलत ती नव्हती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ च्या निकालात उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली, ती कचरा डेपोंसह. साध्या जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५ हजार रुपये भरपाई ठरवली. त्या निकालात 'लहान जागा वगळून' असे कुठेही लिहिलेले नाही.

शिवाय ५ टन म्हणजे किती? माणशी रोज ४०० ग्रॅम कचरा धरला तर साडेबारा हजार वस्तीच्या गावाचा रोजचा ५ टन होतो. वर्षाला १,८२५ टन, दहा वर्षांत १८ हजार टनांवर. मुंबईचे देवनारही १९२७ साली शहराबाहेरची एक दूरची जागाच होती. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. कोणताही डोंगर डोंगर म्हणून जन्माला येत नाही. तो लहान असताना कोणी अडवला नाही म्हणून डोंगर होतो. आणि आपल्या प्रदेशाला तर वाढ नवी नाही. १९६१ साली आपली लोकसंख्या ५७,९६३ होती, २०११ साली ती ३,४३,७०९ झाली. पन्नास वर्षांत सहापट! इथे 'लहान' हा शब्द फार तर पाच वर्षे टिकतो.

वाचकहो, हा प्रश्न केवळ दुर्गंधीचा नाही, पाण्याचा आहे. आपल्याकडे पाऊस थोडाथोडका नाही, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही चार महिन्यांत. उघड्या ढिगावर तो पडला की आतून काळे पाणी झिरपते. म्हणूनच २०१६ च्या नियमांनी सांगितले होते, की भरावाच्या तळाला ९० सेंटिमीटर चिकणमाती आणि तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे अस्तर हवे. रोजच्या कचऱ्यावर किमान १० सेंटिमीटर माती हवी. जागा नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून, वस्तीपासून आणि पिण्याच्या विहिरींपासून २०० मीटर दूर हवी. भरावाच्या कडेपासून ५० मीटरच्या आतील भूजल वेगवेगळ्या ऋतूंत तपासायला हवे. हे आकडे कोणी हौसेने घातलेले नाहीत. नाशिक जिल्ह्यात उगम पावलेली दमणगंगा आपल्या दारावरून दमणच्या समुद्राकडे जाते. ओहोळात गेलेले काळे पाणी शेवटी तिच्यातच जाते, आणि जमिनीत मुरलेले विहिरीत. त्या विहिरीवर पहिली घागर वारली, कोकणा, धोडिया बायाबापड्या भरतात. आपल्या वाड्यांतल्या विहिरीही त्याच जमिनीत आहेत, हे विसरू नये.

त्यात हा कारखान्यांचा प्रदेश. शेजारच्या वापीची कथा सर्वांना ठाऊक आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचे प्रदूषण मोजले, तेव्हा अंकलेश्वरच्या पाठोपाठ ८८.०९ गुण मिळवून वापी दुसरे आले. घातक कचरा कारखान्यात ९० दिवसांहून जास्त साठवू नये आणि त्याची प्रत्येक खेप कागदोपत्री नोंदवून मान्यताप्राप्त जागीच न्यावी, असा २०१६ चा वेगळा नियम आहे. पण ज्या लहान डेपोला कुंपण नाही, फाटक नाही, वजनकाटा नाही, तिथे रात्री कोण काय ओतून गेले हे कोणाला कळणार? बिनकुंपणाची लहान जागा ही घातक कचरा लपवणाऱ्याला आमंत्रणच आहे.

मग अंमलबजावणी का होत नाही? कारण उघड आहे. आपल्याकडे विधानसभा नाही. केंद्रशासित प्रदेशांत राज्याचे वेगळे प्रदूषण मंडळ नसते, केंद्रीय मंडळाने अधिकार सोपवलेली समिती ते काम करते. दादरा नगर हवेली आणि दमण-दीव यांची ही एकच समिती, आणि ती प्रशासनाच्याच छत्राखाली. कचरा ओतणारे स्थानिक शासन आणि तपासणारेही शासनच! एका खात्याने दुसऱ्या खात्याला नोटीस द्यायची म्हणजे जावयाने सासऱ्याला उखाणा विचारण्यासारखे आहे. दंड कारखानदाराला होईल, टपरीवाल्याला होईल, पण स्वतःला कोण करून घेतो? खरे तर कायद्याने तीही सोय केली आहे. जनविश्वास कायदा २०२३ ने पर्यावरण संरक्षण कायद्यात बदल केला. त्यानुसार सरकारी खात्याकडून उल्लंघन झाले, तर आपल्याला ठाऊक नव्हते हे सिद्ध न करू शकणाऱ्या खातेप्रमुखाला एका महिन्याच्या मूळ वेतनाइतका दंड आहे. हे कलम आपल्याकडे वापरा, एवढेच आमचे म्हणणे.

आपल्या काही मंडळींचे एक लाडके उत्तर असते, "बाहेरून आलेल्या कामगारांनी गाव घाण केले." हे उत्तर सोयीचे आहे, खरे नाही. चाळीच्या गल्लीत घंटागाडी जात नसेल तर चाळीतला माणूस कचरा कुठे टाकणार? आणि त्याने नीट वेगळा करून दिलेला कचराही शेवटी एकाच ढिगात जात असेल, तर दोष चाळीचा की ढिगाच्या मालकाचा? परप्रांतीयावर बोट दाखवून आपण ज्याला मोकळे सोडतो, तोच खरा जबाबदार असतो.

दुसरे उत्तर पैशाचे. त्याला सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याने केव्हाच जवाब दिला आहे. बारा हजारांच्या आसपास वस्तीचे गाव, लहान नगरपरिषद. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे घरोघरी कचरा वेगळा करायला लावला, ओल्यापासून बायोगॅस केला, सुका विकला, आणि जुन्या डम्पिंग ग्राउंडच्या जागी लोक पाहायला येतात असे उद्यान उभे राहिले. वेंगुर्ल्याला कुबेराने खजिना दिला नव्हता. तिथे नियम आधी पालिकेने स्वतःला लावला, मग लोकांना.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. प्रदेशातल्या प्रत्येक कचरा डेपोची, कितीही लहान असो, यादी जाहीर करा. प्रत्येक डेपोला कुंपण, फाटक आणि आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांची नोंदवही ठेवा. भोवतालच्या विहिरींचे पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून निकाल पंचायतीच्या फळ्यावर मराठी आणि गुजरातीत लावा. जुने ढीग उपसण्याची वा झाकण्याची मुदत २०१६ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांची, म्हणजे एप्रिल २०२१ पर्यंतच होती. त्याचा हिशोब द्या.

आणि आपण काय करायचे? माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. कागद पाहण्याचाच नव्हे, नमुना घेण्याचाही हक्क त्या कायद्यात आहे. एवढ्याने भागले नाही, तर हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच बसते. २ ऑगस्ट १९५४ नंतर सात वर्षे या मुलखाचा कारभार इथल्याच माणसांनी वरिष्ठ पंचायतीतून पाहिला. त्यांच्या नातवंडांना एका उकिरड्याची नोंदवही मागता येऊ नये? येत्या ग्रामसभेत प्रत्येक घरातून एक माणूस आणि प्रत्येक माणसाकडून एकच प्रश्न येऊ द्या, "डेपोची वही दाखवा." वही दाखवेपर्यंत खाली बसू नका.