मीटर टाका हो!

आमच्या घरातल्या तरुण मंडळींचं एक लाडकं मत आहे. काळी-पिवळी टॅक्सी आणि रिक्षा म्हणजे नुसती कटकट! त्यापेक्षा फोनवर गाडी मागवावी, भाडं आधीच कळतं, वादाचा प्रश्नच नाही. हे मत मला मुळीच मान्य नाही. का नाही ते आज लिहिते आहे. रागावलात तर चहाला या, समोरासमोर भांडू.

माझ्या बाजूने साक्षीदार म्हणून एक टॅक्सीवाला आहे. रिक्षांना शीवच्या पुढे शहरात यायला बंदी, म्हणून दादरहून मुलुंडला सामान घेऊन परतताना मी टॅक्सी केली होती. गृहस्थ साताऱ्याकडचे, पन्नाशीचे, आणि प्रत्येक विषयावर मत असलेले! सायनचा पूल येईपर्यंत त्यांनी मेट्रो, खड्डे आणि क्रिकेट या तिन्हींचा निकाल लावला. मग मीटरकडे बोट दाखवून म्हणाले, "मावशी, हा आपल्या दोघांमधला पंच आहे. तुम्हालाही तोच आकडा दिसतो, मलाही तोच. फोनवाल्या गाडीत तुम्ही किती दिले ते त्या ड्रायव्हरला विचारा आणि त्याला किती मिळाले तेही विचारा."

मी म्हटलं, "अहो, पण मीटरचं भाडंसुद्धा वाढतंच की."

"वाढतं ना! पण वाढलं की पेपरात येतं. तुम्ही मंत्र्याला शिव्या घालता. फोनमधलं भाडं दुपारी एक, पाऊस आला की दुसरं. तिथे शिव्या कुणाला घालणार?"

मंडळी, पस्तीस वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं, पण इतक्या थोडक्यात मला ते कधी सांगता आलं नाही. टॅक्सी-रिक्षाचे दर सरकारी प्राधिकरण ठरवतं, ते जाहीर होतात, त्यावर ग्राहक संघटना आणि युनियन भांडतात. १ फेब्रुवारी २०२५ ला पहिल्या दीड किलोमीटरचं टॅक्सीभाडं २८ वरून ३१ रुपये झालं आणि रिक्षाचं २३ वरून २६. पटो न पटो, आकडा सगळ्यांना एकच. अ‍ॅपच्या गाड्यांसाठी केंद्राने २०२० मध्ये नियम केले, तेव्हा गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत जायची मुभा होती. जुलै २०२५ मध्ये ती दुप्पट झाली. म्हणजे ज्याला गाडीची जास्त गरज, त्याने जास्त मोजायचे. पावसात दवाखान्यातून घरी निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला हा कुठला न्याय? आणि त्याच महिन्यात मुंबईतले अ‍ॅपवाले ड्रायव्हर आझाद मैदानावर बसले होते. मागणी काय, तर आम्हालाही काळ्या-पिवळ्यांसारखे दर द्या! मीटरला जुनाट म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

पण म्हणून मी त्या गृहस्थांना सोडलं नाही. म्हटलं, "मीटर एवढा पंच आहे, तर जवळचं भाडं म्हटलं की तुमचे लोक मान का फिरवतात? आमच्या स्टेशनबाहेर हातात औषधांची पिशवी घेऊन उभं राहिलं, तर चार रिक्षा 'नाही' म्हणून निघून जातात."

"परत रिकामं यावं लागतं, मावशी. रांगेतला नंबरही जातो."

"मग माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला मी शिकवायला नको होतं का? त्याच्यावर वेळ जास्त जायचा."

यावर ते हसले, पण उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ प्रमाणे गुन्हा आहे. परमिट म्हणजे केवळ धंद्याचा परवाना नव्हे. रस्त्यावर हात करील त्याला ठरलेल्या दरात नेण्याचं ते बंधन आहे. ते पाळायचं नसेल, तर मीटरचे गोडवे गाण्याचा अधिकार उरत नाही. आज काळी-पिवळीला खरा धोका आहे तो नाही म्हणणाऱ्या तिच्याच चालकांचा. त्यांनी नाकारलेलं प्रत्येक गिऱ्हाईक फोनकडे जातं आणि परत येत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी मला हळहळीचे निरोप आणि फोटो पाठवले होते. गाडी गेली त्याचं मला फार दुःख नाही, गाड्या जुन्या होतातच. पण सर्वांना एकच दर, तोही उघड्यावर ठरलेला, ही गोष्ट गेली तर ती कोणत्याही संग्रहालयात पाहायला मिळणार नाही.

तेव्हा माझी विनंती दोघांनाही आहे. चालकांनो, जवळचं असो की लांबचं, मीटर टाका. आणि भाचरांनो, स्टेशनबाहेर उभे असाल तर फोन खिशात ठेवून आधी हात करून बघा. कुणी नाही म्हटलं तर मुकाट्याने बाजूला होऊ नका, नंबर टिपून तक्रार करा. कंटाळा येतो हे कारण आमच्या वर्गात कधी चाललं नाही.