बस की बोट?

सध्या आमच्या घरात एकच विषय चालू आहे. पुढच्या मे महिन्यात आई-बाबांना युरोपला पाठवायचं, पण बसच्या टूरने की क्रूझने? न्यू जर्सीच्या दादाचा कौल क्रूझला. बाबांचा टूरला. आईला कुणी विचारलेलंच नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. (दादा, तू हे वाचणार आहेस हे ठाऊक आहे. फोन करण्याआधी शेवटपर्यंत वाच!)

कोथरूडात हा प्रश्न तसा घरोघरचा. डहाणूकर कॉलनीत सकाळी दूध आणायला गेलं तरी दोन-तीन युरोप रिटर्न काका-काकू भेटतात. त्यांच्यातही तट आहेत, आणि सवाई-वसंतोत्सव इतकेच कडवे!

दादाचा मुद्दा आधी मान्य करून टाकते. आईचा गुडघा बदललेला आहे. बसच्या टूरवर सहा-सात-आठ, म्हणजे सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस. रोज नवं हॉटेल, रोज बॅगा. टूर लीडर 'चला चला' करतो ते काही हौसेने नाही. तिकडे कायद्याने ड्रायव्हरला दिवसाला साधारण ९ तासच गाडी चालवता येते, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावंच लागतं आणि रात्रीची विश्रांतीही ठरलेली. मग घाई सगळी आपल्या वाट्याला. बोटीवर बॅग एकदाच उघडायची, खोली तीच, आणि सकाळी उठावं तर नवं गाव खिडकीत.

पण गाव खिडकीत असतं का, हीच तर गंमत आहे. क्रूझच्या पत्रकावर 'रोम' लिहिलेलं असतं, बोट लागते चिवितावेक्कियाला. तिथून रोम ७०-८० किलोमीटर. पुणं दाखवतो म्हणून पाहुण्यांना खोपोलीला उतरवावं, तसं. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथून पुन्हा ९० एक किलोमीटर. म्हणजे ज्या बसला कंटाळून बोट घेतली तीच बस धक्क्यावर उभी! व्हेनिसला सॅन मार्कोसमोरून जाणारी अगडबंब बोट फोटोत दिसते, पण ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना तिथून जायला बंदी आहे. आणि संध्याकाळी बोट बहुतेक वेळा निघालेली असते. उन्हाळ्यात तिकडे नऊपर्यंत उजेड, चौकात माणसं निवांत बसलेली... नेमकं तेच हुकणार.

एक मात्र आहे. भूमध्य समुद्रातल्या बऱ्याच क्रूझ मार्सेयला थांबतात. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मोरिया बोटीतून उडी मारली ते मार्सेय. आपल्या नेहमीच्या बस टूरमध्ये हे गाव येत नाही. बाबांना हे सांगितलं तर ते पाच मिनिटं गप्प होते. दादाने हा मुद्दा अजून वापरला नाही, हे माझं नशीब.

असो. माझा खरा मुद्दा गुडघा नाही आणि रोमही नाही. आईचं बोलणं आहे.

आईला इंग्रजी कळतं, वाचता येतं, बोलता येत नाही. दादाकडे तीन महिने राहून आली तेव्हा एकदा भाजी निवडताना म्हणाली, "तिकडे मी मुकीच होते गं." पुढे काही नाही, भाजी निवडत राहिली. हीच बाई राजस्थानच्या टूरवर गेली तेव्हा भेंड्यांमध्ये पुढे, लीडरकडून चहा मागून घेणार ही, नागपूरच्या दोघी बहिणींबरोबर बाजार फिरून येणार ही, आणि बाबा बसमध्ये पेपर वाचत बसलेले! बोटीवर तीन-चार हजार माणसं, घोषणा इंग्रजीत, इटालियनमध्ये, स्पॅनिशमध्ये. सात दिवस बाबा काउंटरवर बोलणार आणि आई मागे पर्स धरून उभी राहणार. गुडघ्याला आराम मिळेल हो, पण जिभेचं काय?

स्वित्झर्लंडला जाऊन वरण-भात खाणाऱ्यांना आपण फार हसतो. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. सत्तरीतल्या बाईला परक्या मुलखात "थोडं तूप आहे का हो?" असं स्वतःच्या तोंडाने विचारता येणं ही माझ्या लेखी चैन आहे, आणि बाल्कनीवाल्या केबिनपेक्षा मोठी.

तेव्हा माझं मत बसला. पण पंधरा दिवसांत दहा देशवाली टूर अजिबात नको. दोन, फार तर तीन देश, एका हॉटेलात किमान दोन रात्री, आणि एखाद्या दिवशी "आज मी येत नाही, खाली बाकावर बसते" म्हणायची सोय. अशा टूर्स मिळतात, थोड्या महाग पडतात. आपण दोघं भावंडं वाटून घेऊ.

आणि बोटच हवी असा हट्ट असेल, तर मराठी लीडर असलेल्या ग्रुपबरोबरचीच घे, त्यांचं त्यांना बुकिंग करून देऊन मोकळा होऊ नकोस. तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला येणारी असेल तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचा लागेल, ते आधी बघ. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळवताना नाकी नऊ येतात. दिवाळीत फोन करशील तेव्हा फोन आधी आईला द्यायला सांग.