ऐच्छिक म्हणजे खरंच ऐच्छिक?

आधीच कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत वर्गात मराठी शब्द तोंडातून गेला की दोन रुपये दंड असायचा. त्या हिशोबाने हा लेख मला चांगलाच महागात पडला असता! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा काणाडोळा करा आणि मुद्दा तेवढा बघा.

दरवर्षी मराठी विभागात ‘मोबाइल : शाप की वरदान’ छापाचा एक तरी लेख असतोच. यंदा तो मान माझ्याकडे आलाय, फक्त विषय थोडा वेगळा आहे. गॉग गॅलॅक्सी वापरावं की नाही?

हसू नका! मेसमध्ये या विषयावर आमच्या टेबलाची दोनदा फाळणी झालीय.

ज्यांनी आयुष्यात गेम खेळला नाही (असे आपल्या कॉलेजात किती आहेत देव जाणे), त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पीसीवरचे गेम्स आता सीडीवर मिळत नाहीत म्हटलं तरी चालेल. ते इंटरनेटवरच्या दुकानातून घ्यायचे. दुकान त्याबरोबर आपला एक प्रोग्रॅम देतं, त्याला क्लायंट म्हणायचं. गेम उतरवणं, अपडेट करणं, चालू करणं हे सगळं तोच बघतो. व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम सप्टेंबर २००३ मध्ये आलं. पुढच्याच वर्षी ‘हाफ-लाइफ २’ आला, तेव्हा दुकानातून डबा विकत आणणाऱ्यालासुद्धा स्टीम टाकून खातं उघडावंच लागलं. तेव्हा लोक जाम वैतागले होते म्हणे. आज आपल्याला त्यात काही वेगळं वाटतही नाही. सवय हो, दुसरं काय!

गॉग हे दुकान पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये काढलं, ते मुळात जुने गेम्स विकायला. त्यांचं म्हणणं असं की चोरी थांबवायला कुलुपं वाढवू नका, वस्तूच चांगली द्या. त्यामुळे तिथल्या गेमला कॉपी-प्रोटेक्शन नाही. इन्स्टॉलरची फाइल उतरवा, हार्ड डिस्कवर ठेवा, नेट नसलेल्या मशीनवर टाका, चालतो. गॅलॅक्सी हा त्यांचा क्लायंट. तो आहे, छान आहे, पण ऐच्छिक आहे. काही गेम्सच्या ऑनलाइन मल्टिप्लेअरला तो लागतो; एकट्याने खेळायला नाही लागत.

आता ‘ऐच्छिक’ या शब्दावर आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी पटकन विश्वास ठेवू नये. इलेक्टिव्हचा फॉर्म आठवा. कागदावर पाच विषय, त्यातल्या तिघांना शिकवायला कोणी नाही, चौथ्याला ‘किमान संख्या भरली नाही’, उरला पाचवा. घ्या, तुमच्या आवडीचा विषय! म्हणून गॅलॅक्सी ‘ऐच्छिक’ आहे असं वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा फॉर्मच आठवला.

आमच्या मेसच्या टेबलावर दोन पक्ष आहेत. माझी रूम पार्टनर म्हणते, “क्लायंट नको कशाला? सगळं एका जागी, आपोआप अपडेट, डोक्याला ताप नाही.” समोरच्या विंगमधली एक फायनल इयरची ताई म्हणते, “गॉग घ्यायचं आणि वर क्लायंट टाकायचा म्हणजे उपास धरून साबुदाणा वडे खायचे. नुसता इन्स्टॉलर घे आणि मोकळी हो.” दोघींचंही मला अर्धं-अर्धं पटतं. का, ते सांगायला मला सांगलीला जावं लागेल.

आम्ही सांगलीत गावभागात तळमजल्यावर राहायचो. घरी एक जुना पीसी होता आणि ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ ची सीडी होती. (ती ओरिजिनल होती का, हे कृपया विचारू नये.) या गेममध्ये हॉटसीट नावाचा प्रकार आहे. एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळायचं. दादाची चाल चालू असताना मी स्वयंपाकघरात, माझी चाल चालू असताना तो. मी पहिल्या आठवड्यातच हरायचे. मग तो मुद्दाम चुका करायचा आणि मला ते कळलं की मी आईकडे तक्रार न्यायचे! २०१९ च्या जुलैत तो नोकरीला बंगळूरला गेला तेव्हा आमचा एक मोठा डाव अर्धा राहिला होता. “सेव्ह आहे, दिवाळीला पुरा करू,” म्हणाला.

ऑगस्टमध्ये पूर आला. २००५ च्या पुरात आमच्या घरातलं पाणी टेबलापर्यंत चढलं नव्हतं, म्हणून बाबांनी कॉम्प्युटर टेबलावर ठेवला, कागदपत्रं घेतली आणि आम्ही मिरजेला मावशीकडे गेलो. पण कृष्णेने २००५ चा हिशोब मानला नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी गेलं ५७ च्या वर. परत आलो तेव्हा सीपीयूत चिखल होता. आईला तांदळाच्या डब्यांचं वाईट वाटत होतं, बाबांना फ्रिजचं. मला त्या डावाचं वाटत होतं, आणि असल्या वेळी हे कुणाला सांगायची लाज वाटत होती.

दोन वर्षांपूर्वी मी तोच गेम गॉगवर घेतला. विंडोजच्या नव्या आवृत्तीवर पंचवीस वर्षांपूर्वीचा गेम निमूटपणे चालू झाला. तेच संगीत, तेच किल्ले. पण ‘लोड गेम’ वर क्लिक केलं तर यादी रिकामी. गेम परत मिळाला, डाव नाही मिळाला.

तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट शिरली, जी मेसमधले दोन्ही पक्ष विसरतात. आपण ‘गेम’ म्हणतो त्या दोन वेगळ्या वस्तू असतात. एक गेम, जो कंपनीने केला. दुसरा सेव्ह, जो आपण केला. दोघांना धोका वेगवेगळ्या बाजूने असतो.

गेमला धोका कंपनीकडून. हा ‘हीरोज ३’ च घ्या. तो १९९९ मध्ये थ्रीडीओ कंपनीने काढला. २००३ मध्ये थ्रीडीओचं दिवाळं वाजलं. आमची सीडी त्यानंतर कितीतरी वर्षं चालली, कारण तिला थ्रीडीओची परवानगी विचारायची गरजच नव्हती. सर्व्हरला विचारून चालू होणारा गेम असता तर २००३ मध्येच आटोपला असता, आणि माझा तर जन्मही तेव्हा झाला नव्हता!

उलटं उदाहरण ‘द क्रू’ चं. युबिसॉफ्टचा हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला. एकट्याने खेळायचं तरी सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला गेम मुकाट पडला. त्यावरून युरोपात मोठी सह्यांची मोहीम झाली. आता कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आहे, की नुसतं लायसन्स देत असाल तर ‘विकत घ्या’ म्हणताना ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. आणि कंपनी धडधाकट असली तरीही क्लायंट मध्ये येतोच. स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ चा सपोर्ट थांबवला. गेम तोच, मशीन तेच, अडचण झाली ती दरवानाची.

सेव्हला धोका मात्र आपल्याकडून. पूर, चहा, फॉरमॅट, चोरी, ‘राहू दे, नंतर कॉपी करू’. इथे गॅलॅक्सीचं क्लाउड सेव्ह म्हणजे खरंच देवासारखं धावून येतं. सोय असलेल्या गेममधून बाहेर पडलात की सेव्ह आपोआप वर जातो. २०१९ मध्ये आमच्या डावाला असं काही असतं तर, असं अजून मनात येतं. म्हणून क्लायंटला सरसकट शिव्या घालणाऱ्या ताईचं मला पूर्ण पटत नाही.

तिच्या विरुद्ध अजून एक मुद्दा. ‘विचर ३’ ला डिसेंबर २०२२ मध्ये मोठं अपडेट आलं. चित्रं देखणी झाली, पण माझ्या लॅपटॉपचा पंखा हेलिकॉप्टरसारखा ओरडायला लागला. गॅलॅक्सीत जुनी आवृत्ती निवडता येते. मी मागे गेले, पंखा शांत, मीही शांत. अपडेट नाकारायची सोय क्लायंटनेच दिली! शिवाय गॅलॅक्सी अपडेट करताना बदललेला भागच उतरवतो. हाताने करायचं तर मोठ्या गेमचे चार-चार जीबीचे तुकडे पुन्हा उतरवायची वेळ येऊ शकते, आणि आपला डेटा पॅक रोजचा दोन जीबी. गणित तुम्हीच करा, एम-थ्री पास झालेल्यांना जमेल.

पण रूम पार्टनरचंही पूर्ण पटत नाही. गेल्या पीएलमध्ये हॉस्टेलचं नेट चार दिवस गेलं. एका दुसऱ्या कंपनीच्या क्लायंटने ‘आधी लॉगिन करा’ म्हणून दार लावून घेतलं. मी ऐटीत म्हटलं, “म्हणून मी गॉगवाली!” आणि प्रोजेक्टच्या सॉफ्टवेअरला जागा करायला काढून टाकलेला ‘विचर’ परत टाकायला गेले. इन्स्टॉलर कुठाय? वेबसाइटवर! दोन वर्षं मी सगळ्यांना स्वातंत्र्याचं भाषण देत होते आणि माझ्या डिस्कवर एकाही गेमची फाइल नव्हती. गॅलॅक्सीने आयतं सगळं दिलं, म्हणून मला कधी आठवणच झाली नाही. दोष कुणाला देऊ? हक्क होता, मी तो उचलूनच आणला नव्हता.

गॉगलाही इथे एक चिमटा काढते. त्यांच्या पानावर गॅलॅक्सीतून टाकायचं बटण डोळ्यात भरतं आणि ऑफलाइन इन्स्टॉलरची यादी खाली असते. ती खाली ठेवली की हळूहळू लोक ती विसरतात. लोक विसरले की एक दिवस कुणीतरी म्हणणार, ‘ही कोणी वापरतच नाही, काढून टाकूया.’ आमच्या इलेक्टिव्हचं असंच झालं ना? पाचही विषय एके काळी खरोखर शिकवत असतीलच की! क्लाउडचंही तसंच. २०२४ मध्ये गॉगने बहुतेक गेम्सच्या क्लाउड सेव्हला २०० एमबीची मर्यादा घातली. जागा त्यांची, नियम त्यांचे.

मग माझं मत काय? गॅलॅक्सी वापरा. बिनधास्त वापरा. पण ज्याला नाही म्हणता येतं त्यालाच हो म्हणण्यात मजा आहे, आणि नाही म्हणायची ताकद आपल्या डिस्कवर असते, त्यांच्या जाहिरातीत नसते. गेम घेतला त्याच दिवशी इन्स्टॉलर उतरवून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. गॅलॅक्सी बंद करून, नेट काढून, गेम एकदा चालवून बघा. सेव्हचं फोल्डर कुठे आहे ते शोधून ठेवा. सगळे मिळून अर्धा तास. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण याहून जास्त वेळ प्रिंटरच्या रांगेत घालवतो.

आणि हे फक्त गेमचं नाही बरं का. आपले फोटो, नोट्स, प्रोजेक्टचा कोड, सगळं कुणाच्या तरी क्लायंटमागे आहे. गेमवर सवय लावून घ्यायला सोपं जातं, एवढंच.

गेल्या दिवाळीत दादा घरी आला होता. आम्ही नवा डाव मांडलाय. यंदा तो मुद्दाम चुका करत नाही, मी विचारून खात्री करून घेतलीय! महिना दुसरा, आठवडा तिसरा, चाल माझी. सेव्ह माझ्या लॅपटॉपवर आहे, त्याच्या ईमेलमध्ये आहे आणि आईच्या कपाटात एका पेन ड्राइव्हवर आहे. कपाट आता दुसऱ्या मजल्यावर आहे.

बघा, पटतंय का!