‘बाळ आधीच अत्यवस्थ होते’

ऑगस्ट 2017 मध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षातली 55 अर्भके दगावली. एप्रिलपासूनचा आकडा 187 वर गेला होता. गोरखपूरच्या रुग्णालयातल्या बालमृत्यूंची बातमी ताजी होती, त्यामुळे गवगवा झाला आणि रुग्णालयाकडून ठरलेले उत्तर आले. बाळे कमी दिवसांची, कमी वजनाची होती; खासगी दवाखान्यांनी अगदी शेवटच्या घटकेला पाठवली; हलगर्जीपणा झालेला नाही. अशा घटनांनंतर हेच उत्तर वारंवार कानी पडते, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

त्यातले खरे आधी मान्य करू. पेठ, सुरगाणा या तालुक्यांपासून सगळ्या जिल्ह्याचा भार शेवटी जिल्हा रुग्णालयावर, म्हणजे ‘सिव्हिल’वर येतो. इतरांनी हात टेकलेली बाळे जिथे येतात, तिथे मृत्यू जास्त दिसणारच. नुसता आकडा पाहून डॉक्टरांना खुनी ठरवणे अन्यायाचे आहे.

पण बाळ अत्यवस्थ झाले कुठे आणि कशामुळे? दीड किलोचे बाळ ओलसर दुपट्यात, उघड्या डोक्याने गाडीत घातले की वाटेतच गार पडते. रक्तातली साखर उतरते, श्वास मंदावतो. सोबतच्या चिठ्ठीत ‘सिव्हिलला रेफर’ एवढेच असेल, तर बाळ जन्मताच रडले का, कोणते औषध किती वाजता दिले, हे घेणाऱ्या डॉक्टरला कळणार कसे? पाठवणारा म्हणतो, आमच्याकडून जिवंत गेले. घेणारा म्हणतो, आमच्याकडे मरणाच्या दारात आले. दोघेही सुटतात.

बाळ पोहोचल्यावर तरी काय? तेव्हा सिव्हिलमध्ये काचेच्या पेट्या (इन्क्युबेटर) 18 होत्या आणि एकेका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत होती. अशाने एकाचा जंतुसंसर्ग शेजारच्याला होतो. विस्ताराची इमारत झाडे तोडण्याच्या परवानगीपायी रखडली होती. हा दोष बाळाच्या वजनाचा कसा?

आणि कमी वजन म्हणजे मृत्यू अटळ, हेही खरे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि मृत्यू निम्म्याहून कमी केले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापले. तिथे काचेची पेटी नव्हती.

यावर एक आक्षेप येतो, की जाब विचारू लागलो तर डॉक्टर अवघड बाळंतपण हातीच घेणार नाहीत. ही भीती निलंबनाची आणि मारहाणीची आहे, आणि ती रास्त आहे. भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 ला रुग्णालयाच्या आगीत 10 बाळे गेली, त्यानंतरही निलंबने झाली. निलंबनाने लोकांचा राग शमतो. पुढचे बाळ वाचतेच असे नाही. ब्रिटनमध्ये 1952 पासून आणि केरळात 2004 पासून नावे गुप्त ठेवून माता-मृत्यूंची छाननी होते, चुका छापल्या जातात. तिथल्या डॉक्टरांनी प्रसूतिगृहांना टाळे लावलेले नाही. केरळात तर हे काम प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनेच अंगावर घेतले.

आपल्याकडे योजनांची आणि सूचनांची वानवा नाही. 2011 च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजाताला मोफत उपचार आणि मोफत वाहन आहे. बालमृत्यूंच्या अन्वेषणाच्या सूचना 2014 पासून आहेत. उणीव आहे ती लोकांपुढे हिशेब ठेवण्याची. त्यासाठी चार गोष्टी व्हाव्यात. आधी फोन, सोबत पूर्ण नोंद आणि बाळाला ऊब, याशिवाय कोणत्याही दवाखान्याने बाळ पाठवू नये. दगावले तर पाठवणाऱ्यालाही छाननीत बसवावे. पेट्या आणि परिचारिका कमी पडल्या, तर त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. दर तिमाहीला मृत्यूंची कारणे, आणि त्यावर काय केले ते, नावे वगळून जाहीर करावे.

बाळ अत्यवस्थ होते, हे चौकशीचे पहिले वाक्य आहे. ते शेवटचे म्हणून खपवून घेऊ नका. पुढच्या तिमाहीचा हिशेब नाशिककरांनी मागितलाच पाहिजे.