घर बदलले, मांजराचे काय?

कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचे, असे जुनी माणसे म्हणतात. त्यात तथ्य आहे. मांजर माणसापेक्षा जागेला अधिक धरून असते. म्हणूनच बिऱ्हाड हलवताना त्याचा विचार आधी करावा लागतो.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणे ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु चाळीच्या जिन्याखाली वाढलेल्या, हाताला न लागणाऱ्या पण जेवणाच्या वेळी बरोबर दाराशी येणाऱ्या मांजरांचे काय? त्यांना चावी कोण देणार?

१९५६ साली नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे पालन करण्याचीही प्रतिज्ञा आहे. करुणा माणसांसाठी आणि मैत्री सर्व जीवांसाठी, असा भेद बाबासाहेबांनी सांगितला आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी वेशीबाहेरचे जिणे काढले, त्यांनी दाराशी जेवलेला जीव पाडकामाच्या ढिगाऱ्यात टाकून जावे, हे आम्हाला पटत नाही. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा १९६० च्या कायद्यानेही गुन्हा आहे.

मात्र पोत्यात कोंबून नेऊन नव्या आवारात मोकळे सोडणे हाही उपाय नव्हे. असे मांजर जुन्या जागेच्या शोधात निघते आणि रस्त्यावर गाडीखाली सापडते. त्याऐवजी जाण्याआधी आठ-दहा दिवस त्याला उघड्या पिंजऱ्यातच खाऊ घालावे. सुक्या बोंबलाचा तुकडा येथे कामी येतो. ते आत निर्धास्त बसू लागले की दार लावावे आणि वरून चादर टाकून न्यावे. शक्य असल्यास त्याआधी नसबंदी करून घ्यावी. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात मांजरांवरही उपचार होतात.

नव्या घरी पहिले तीन आठवडे त्याला एकाच खोलीत किंवा मोठ्या पिंजऱ्यात ठेवावे. मातीचे घमेले, पाणी आणि जुन्या घरची न धुतलेली गोधडी सोबत द्यावी. खिडक्यांना जाळी हवीच, कारण उंच मजल्यावरून मांजर पडते. पोरांनी त्याला बळेच उचलू नये. चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात जावे. हळद-चुन्यावर भागवू नये.

इतके करूनही मांजर निसटले तर भगताकडे किंवा देवऋषाकडे पैसे घालवू नयेत. घाबरलेले मांजर बहुधा जवळच दडून बसते आणि हाक मारली तरी ओ देत नाही. रात्री वर्दळ थांबली की बॅटरी घेऊन निघावे. गाड्यांखाली, पंपाच्या खोलीत, मीटरपेटीमागे, जिन्याच्या प्रत्येक वळणावर आणि गच्चीवर पाहावे. अंधारात त्याचे डोळे चमकतात. वॉचमन, सफाई कामगार आणि दूधवाला यांना सांगून ठेवावे. रोज ठरल्या वेळी त्याच जागी खाणे ठेवावे. जुनी चाळ जवळ असेल तर तेथेही फेरी मारावी. कधी कधी मांजर कित्येक आठवड्यांनी परत येते, म्हणून चार दिवसांत शोध सोडू नये.

आणि ते आलेच नाही तर? घरातली पोर जेवत नसेल तर "एका मांजरासाठी काय रडतेस?" असे तिला म्हणू नये. "ते गावाला गेले" असे खोटेही सांगू नये. आपण शोधले, सापडले नाही, आपल्यालाही वाईट वाटते, असे खरे सांगावे. शोधायला तिला सोबत न्यावे. सर्व काही अनित्य आहे हे आपण विहारात ऐकतो. त्याचा अर्थ दुःख दाबून टाकणे असा नाही. दुःख आहे हे मान्य करण्यापासूनच तथागतांनी सुरुवात केली.

महिना उलटला तरी जिन्याखालची पाण्याची वाटी तिला भरू द्यावी. ते मांजर आले नाही तरी तहानलेले दुसरे कोणी येईल.

जयभीम.